काळी, मुरूम आणि जांभा : दाबलेल्या मातीविषयी

जालना जिल्ह्यात जांभा नाही. अंबडपासून जाफराबादपर्यंत, बदनापूरपासून मंठ्यापर्यंत कुठेही विहीर खणायला घ्या. वर काळी किंवा भुरकट माती, तिच्या पोटात चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण लागतो. रत्नागिरीत ज्याचे चिरे कापून घरे बांधतात तो तांबूस, भोकाभोकांचा दगड इथल्या माणसाने कोकणात गेल्यावरच पाहिलेला असतो. असे असताना दाबलेल्या मातीच्या गुणधर्मांवरच्या या पुस्तकाचा पहिला भाग जांभ्याच्या मातीला दिला आहे. पुस्तक मात्र जालन्यात काम करणाऱ्यांसाठी लिहिले आहे. रस्त्याच्या कामावर उभा असणारा कनिष्ठ अभियंता, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले-मुली, पाझर तलावाचे काम घेणारा लहान ठेकेदार, आणि गावात आलेल्या कामाचा दर्जा समजून घेऊ पाहणारा ग्रामपंचायत सदस्य, या सगळ्यांना आधी जांभ्याकडे का न्यायचे, ते इथे सांगतो.

काळी माती आणि जांभा एकाच दगडातून निघाले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि थिजून त्यांचा बेसाल्ट झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात या बेसाल्टवर वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उतारावरून तो झपाट्याने निघूनही जातो. जाताना दगडातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेतो. मागे उरतात लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिनाइट नावाचे शांत चिकणखनिज. महाबळेश्वर-पाचगणीचे सडे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाची पठारे अशी तयार झाली. जालन्यात पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही जूनपासून सप्टेंबरपर्यंत. जमीन सपाट, निचरा सावकाश. दगडातले मॅग्नेशियम आणि सिलिका इथून हलत नाहीत आणि त्यांच्यापासून मॉन्टमोरिलोनाइट बनते. त्याच्या कणांचे पापुद्रे एकमेकांना सैल धरलेले असतात. दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते आणि कण फुगतो. पाणी उडून गेले की आकसतो. केओलिनाइटच्या पापुद्र्यांमध्ये पाण्याला वाटच नसते.

म्हणजे दगड एकच असूनही किती पाणी त्यावर पडले आणि किती वाहून गेले, यावरून दोन अगदी उलट स्वभावाच्या माती तयार झाल्या. रोलर दोन्हींवर सारखाच फिरतो आणि प्रयोगशाळेतली उपकरणेही सारखीच असतात. परिणाम मात्र वेगळे येतात. हा फरक एकदा नीट पाहिला की कोणत्याही मातीवर दुसऱ्या मातीचे आकडे लावायची हिंमत होत नाही. जांभ्याचा भाग आधी घातला तो यासाठी.

जांभ्याचा अभ्यास इंग्रजी अमदानीत सुरू झाला. फ्रान्सिस बुकानन हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार फिरला. मलबारात अंगाडिपुरमजवळ त्याने लोकांना जमिनीतून मऊ माती लोखंडी अवजाराने कापताना आणि ती हवेत वाळून कडक झाल्यावर विटेसारखी वापरताना पाहिले. १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने तिला लॅटेराइट असे नाव दिले. मराठवाड्याच्या माणसाला जांभा पाहायचा असेल तर इतके दूर जायचे कारण नाही. बिदरचे पठार जांभ्याचेच आहे. वर जांभा, खाली बेसाल्ट, आणि दोघांच्या सांध्यावर पाणी. बहमनी काळातल्या कारागिरांनी हा सांधा ओळखून नौबादचा भूमिगत जलमार्ग, म्हणजे कारेज, जांभ्यातून खोदला. जांभ्यातून पाणी आरपार जाते आणि बेसाल्टवर अडते, हे त्यांना कुठल्याही चाचणीशिवाय ठाऊक होते. विद्यार्थ्यांनी सहल काढायचीच असेल तर बिदरची काढावी.

इथे एका गोंधळाची सूचना द्यायला हवी. जालन्यातही लाल मुरूम मिळतो, आणि दोन लाव्हाथरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा विहीर खणणाऱ्यांना वारंवार लागतो. या दोन्हींना जांभा समजून भरावात टाकण्याचा मोह होतो. तो लाल पट्टा म्हणजे एका लाव्हाथरावर दुसरा थर येईपर्यंतच्या काळात झिजलेली जुनी माती. वाळलेली असताना ती कडक दिसते, पण पाण्यात टाकली की विरघळल्यासारखी सुटते. रंग लोखंडाचा आहे एवढेच त्यावरून कळते. दबाईला ती कशी वागेल हे कळत नाही. एक खडा बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवावा. सकाळी तो खडाच राहिला असेल तर पुढच्या चाचण्या कराव्यात. चिखल झाला असेल तर ती खाण सोडावी.

माती दाबण्याची कला मराठवाड्याला नवी नाही. इथली जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि तो ओलवून चोपण्याने चोपलेला. पावसाळ्याआधी त्यावर पुन्हा मातीचा हात फिरवायचा. कोणती माती गळत नाही, ती किती ओली असताना चोपायची, याचे ज्ञान घराघरात होते. त्याच मातीचे वजन डोक्यावर असल्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात किती माणसे दबून गेली, हेही मराठवाडा विसरलेला नाही. धुम्मस घेऊन जमीन ठोकणारा गवंडीही ओलाव्याचा अंदाज मूठ वळून घेत असे. या अंदाजाला आकड्यांत बसवण्याचे काम १९३३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा विभागातल्या रॅल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने केले. मातीची धरणे बांधताना त्याला दिसले की तीच माती, तेवढ्याच ठोक्यांनी, वेगवेगळ्या ओलाव्याला वेगवेगळी घट्ट होते. कोरडी असताना कण एकमेकांना अडून बसतात; थोडे पाणी मिळाले की सरकून जवळ येतात; आणखी पाणी झाले की पाणीच जागा अडवते. मधल्या एका ओलाव्याला घनता सर्वांत जास्त मिळते. त्या ओलाव्याला साईटवर ओएमसी म्हणतात आणि त्या घनतेला एमडीडी. आपल्या भारतीय मानकात हलक्या चाचणीत २.६ किलोची हातोडी ३१ सेंटिमीटरवरून पडते आणि माती तीन थरांत दाबतात. जड चाचणीत ४.९ किलोची हातोडी ४५ सेंटिमीटरवरून, पाच थरांत. दोन्हींत प्रत्येक थराला पंचवीस ठोके. महामार्गाची कामे जड चाचणीवर तपासतात.

इतके सगळे पुस्तकांत मिळते. अडचण पुढे सुरू होते. प्रॉक्टरच्या आलेखाचे शिखर हेच आपले ध्येय, जितकी घनता जास्त तितके काम चांगले, अशी समजूत या आलेखातून तयार झाली. मुरमाच्या बाबतीत ती जवळजवळ खरी आहे. जालन्यातल्या चांगल्या कडक मुरमाची घनता घनमीटरला १.९ ते २.१ टनांपर्यंत जाते, ओएमसी दहा-बारा टक्क्यांच्या आसपास असते आणि घनता वाढली की भार सोसण्याची ताकदही वाढते. जांभ्याच्या मातीत ही समजूत अर्धी खरी आहे, आणि काळ्या मातीत ती धोक्याची आहे.

आधी जांभा. त्याच्या मातीत बारीक कण लोखंडाच्या ऑक्साइडने चिकटून गुठळ्या झालेल्या असतात. या गुठळ्या रेतीसारख्या वागतात, म्हणून पाण्याचा निचरा होतो आणि रस्त्याच्या पायाला माती चांगली चालते. पण रोलर गरजेपेक्षा जास्त फिरवला की गुठळ्या फुटतात, आतले बारीक कण मोकळे होतात आणि सकाळी रेतीसारखी असलेली माती संध्याकाळी चिकट होते. दुसरी खोड त्याहून फसवी. ही माती एकदा पूर्ण वाळली की पुन्हा भिजवूनही पहिल्यासारखी होत नाही. प्रयोगशाळेत नमुना आधी भट्टीत वाळवून मग लिक्विड लिमिट, म्हणजे माती पातळ होऊन वाहू लागण्याचा ओलावा, काढली तर एक आकडा येतो. खाणीतल्या ओलाव्यावरून थेट काढली तर वेगळाच. प्रॉक्टर चाचणीत एकच नमुना पुन्हा पुन्हा ठोकला तर गुठळ्या फुटत जातात आणि आलेख खाणीतल्या मातीचा राहतच नाही. पश्चिम आफ्रिकेत रस्ते बांधताना हे अनुभव खूप आले. घानाचे अभियंते गिदिगासू यांनी १९७६ मध्ये लॅटेराइटवर अख्खा ग्रंथ लिहिला तो याच जमिनीतून.

या संदर्भात केनियातल्या सासुमुआ धरणाची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायला हवी. तिथली लाल माती आपल्या दगडासारख्याच ज्वालामुखीच्या खडकातून झिजून झाली होती. चाचण्यांत तिचा ओलावा फार जास्त आणि घनता फार कमी निघाली. नेहमीच्या कोष्टकांत बसवली तर अशा मातीचे धरण कुणी बांधूच नये. कार्ल टेर्झागी यांनी त्या मातीची खनिजे तपासून दाखवले की चिकणकणांचे घट्ट पुंजके झालेले असल्यामुळे आकडे विचित्र दिसतात. प्रत्यक्षात ती माती मजबूत आहे आणि पाणीही अडवते. त्यांचा निबंध १९५८ चा. मृद्‌यांत्रिकीचा पाया घालणाऱ्या माणसानेच त्या मातीसाठी कोष्टक बाजूला ठेवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता काळी माती, जिच्यासाठी हे पुस्तक मुख्यतः लिहिले. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत गोदावरीकडे जाताना ती खोल होत जाते. भोकरदन-जाफराबादकडे डोंगराच्या पायथ्याला उथळ आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या बुजतात. दाबल्यावर तिची घनता घनमीटरला दीड टनाच्या आसपास येते, ओएमसी वीस ते तीस टक्क्यांच्या दरम्यान. चार दिवस पाण्यात भिजवून काढलेला सीबीआर, म्हणजे भार सोसण्याच्या ताकदीचा आकडा, बहुधा एक ते तीन टक्के. म्हणजे भिजल्यावर ती जवळजवळ काहीच भार घेत नाही. मग कुणालाही वाटेल की तिला आणखी दाबावे, जास्त वजनाचा रोलर आणावा, घनता वाढवावी.

नेमके हेच करू नये. कोरड्या बाजूला, म्हणजे ओएमसीपेक्षा कमी ओलाव्यावर, काळी माती कितीही घट्ट दाबली तरी तिची पाण्याची भूक तशीच राहते. घट्ट दाबल्यामुळे एका घनमीटरमध्ये फुगणारे कण उलट जास्त बसलेले असतात. पावसाळ्यात पाणी मिळाले की ती फुगते, आणि अडवली तर जोराने ढकलते. एका चौरस मीटरवर वीस-तीस टनांपर्यंतचा दाब ती देऊ शकते. कालव्याचे अस्तर, एकमजली घराचा पाया किंवा शाळेची फरशी यांचे वजन त्याच्यापुढे काहीच नाही. अस्तर फुटते, भिंतीला तिरप्या चिरा पडतात, फरशी मध्यभागी उचलते. तीच माती ओएमसीहून थोड्या जास्त ओलाव्यावर आणि मध्यम घनतेला दाबली तर तिची भूक बरीचशी आधीच भागलेली असते. मॅसॅच्युसेट्सचे प्राध्यापक लँब यांनी १९५८ मध्ये दाखवले की कोरड्या बाजूला दाबलेल्या चिकणमातीत कण वेडेवाकडे अडकलेले राहतात आणि ओल्या बाजूला दाबलेल्या मातीत ते एका दिशेने लोळतात. त्यामुळे ओल्या बाजूला माती कमी फुगते आणि पाणीही कितीतरी कमी जाऊ देते.

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तपशिलातही हे लिहिलेले आहे, पण ते वाचताना डोळा त्यावरून निसटतो. सबग्रेडला, म्हणजे रस्त्याच्या थरांच्या लगेच खालच्या मातीला, एमडीडीच्या ९७ टक्के घनता हवी, भरावाला ९५. फुगणारी माती सबग्रेडमध्ये आणि त्याच्या लगेच खालच्या अर्ध्या मीटरमध्ये चालणारच नाही. त्याखाली वापरली तर ९० टक्क्यांपेक्षा कमी नको, आणि ओलावा ओएमसीच्या ओल्या बाजूला. म्हणजे फुगणाऱ्या मातीसाठी किमान घनतेची अट मुद्दाम खाली आणली आहे. साईटवर हा आकडा पाहून कुणी ‘काळ्या मातीला सूट दिली आहे’ असे म्हणताना ऐकले की वाईट वाटते. ती सूट नाही. अनेक देशांच्या अनुभवातून आलेले ते शहाणपण आहे.

काळ्या मातीच्या फुगण्यावर भारतात जे काम झाले त्यात मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यांनी एक साधी गोष्ट लक्षात घेतली. जमिनीत सुमारे एक मीटर खाली गेले की काळी माती भिजली तरी फारशी हलत नाही. मग वर न फुगणाऱ्या, पण चिकट अशा मातीचा तेवढाच थर घालून दाबला, तर खालच्या मातीला तीच परिस्थिती वरही मिळेल. यालाच सीएनएस थर म्हणतात. पुढे कालव्यांच्या अस्तराखाली हा थर घालण्याची पद्धत भारतीय मानकातही आली. जायकवाडीचा दोनशे किलोमीटरहून लांब डावा कालवा अंबड-घनसावंगीच्या काळ्या जमिनीतूनच परभणीकडे जातो, त्यामुळे या संशोधनाचे महत्त्व जालन्याला वेगळे सांगायला नको. थरासाठी लागणारी माती मात्र नुसता मुरूम नव्हे. रेताड मुरूम घातला तर पाणी सरळ खाली काळ्या मातीपर्यंत पोचते आणि उलटेच होते. चिकटपणा हवा, फुगणे नको. अशी माती जिल्ह्यात शोधावी लागते, आणि जिथे सापडत नाही तिथे मुरूम आणि काळी माती मापाने मिसळून तयार करावी लागते.

याच काळ्या मातीचा एक गुण धरणाच्या कामाला येतो. पाझर तलाव असो, बदनापूर तालुक्यातला सोमठाण्याचा ऊर्ध्व दुधना प्रकल्प असो की पैठणचे दहा किलोमीटर लांबीचे जायकवाडी धरण, मातीच्या बांधात पाणी अडवण्याचे काम पोटातली चिकणमाती करते. आपल्याकडे तिला हार्टिंग म्हणतात. बाहेरून तिला मुरमाचे केसिंग. केसिंग बांधाला उतारावर उभे धरते आणि हार्टिंगला वाळू देत नाही. हार्टिंग वाळली तर तिला भेग पडते, आणि भरलेल्या तलावात ही भेग पाण्याची वाट होते. म्हणून हार्टिंगचा थर ओएमसीच्या थोडा वर दाबायचा, एका थरावर दुसरा चढवण्याआधी खालचा खरवडून ओलावायचा, आणि काम मध्येच थांबले तर उघडा थर तसाच सोडून जायचे नाही. शीपफूट रोलर इथे वापरतात, कारण त्याचे पाय थर आतून मळतात. गुळगुळीत रोलरने दोन थरांच्या मध्ये सांधा राहतो. तलावातून काढलेला गाळ हार्टिंगला चालेल असे पुष्कळांना वाटते. तो शेतात टाकावा, तिथे त्याचे सोने होते. बांधात त्याला स्थान नाही.

धरणाच्या दबाईत सर्वांत नाजूक जागा मोरीच्या बाजूची. मोठा रोलर तिथे जाऊ शकत नाही. हाताच्या कॉम्पॅक्टरने पातळ थर दाबावे लागतात आणि कंटाळा नेमका तिथेच येतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपूर्ण धरण पहिल्याच पावसात फुटले आणि पुणे बुडाले, तेव्हाही भराव खचण्याची सुरुवात पाणी सोडण्याच्या मोरीच्या वर झाली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवऱ्याचे लहान धरण फुटले आणि खालची वस्ती माणसांसकट वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. लहान धरण म्हणजे कमी जबाबदारी, असे मानण्याची मुभा त्या रात्रीनंतर कुणालाही उरलेली नाही. जालन्यातल्या प्रत्येक पाझर तलावाखाली कुठली तरी वस्ती, कुणाची तरी विहीर, कुणाचे तरी शेत आहे.

आता पाण्याचा हिशेब, कारण जालन्यात सगळे प्रश्न शेवटी तिथे येतात. एप्रिल-मेमध्ये खाणीतल्या मुरमाचा ओलावा तीन-चार टक्के असतो. तो अकरावर न्यायचा म्हणजे सात टक्के पाणी वाढवायचे. एका घनमीटरला १.९ टन धरले तर १३३ लिटर. दहा मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड सबग्रेडच्या एका किलोमीटरला पाच हजार घनमीटर मुरूम लागतो; म्हणजे सुमारे ६ लाख ६५ हजार लिटर पाणी, दहा हजार लिटरचे सहासष्ट-सदुसष्ट टँकर. उन्हात उडून जाणारे वेगळे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यात सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी एक होता. पिण्याच्या टँकरसाठी गावे रात्र जागत होती. अशा वर्षी रस्त्यासाठी एवढे पाणी कुणी मागायचे? हा प्रश्न मला नैतिक वाटतो आणि तांत्रिकही. त्याचे उत्तर कोरड्या मातीवर रोलर फिरवून देऊ नये. तसा रस्ता पहिल्या पावसाळ्यात बसतो आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तेवढेच पाणी आणि पैसा मागतो. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, जमिनीत ओल असताना मातीकाम उरकणे, सांडपाण्यावर प्रक्रिया केलेले पाणी वापरणे, थर घालताच लगेच दाबणे, हे मार्ग खुले आहेत. कामाचे वेळापत्रक मार्चअखेरच्या खर्चाप्रमाणे आखले जाते. ते मातीच्या ओलाव्याप्रमाणे आखले गेले तर जिल्ह्याचे पाणी आणि पैसा दोन्ही वाचतील.

काळ्या मातीला टँकरने पाणी मारून लगेच रोलर चालवणे तर निव्वळ फसवणूक आहे. तिचे ढेकूळ भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखे असते: बाहेरून ओले दिसले तरी आत पाणी पोचायला रात्र जावी लागते. ढेकळे फोडून, पाणी मारून, झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी दाबावे. प्रयोगशाळेतही काळ्या मातीचा नमुना पाणी मिसळून रात्रभर बंद ठेवूनच प्रॉक्टर करायची असते.

अलीकडे जिल्ह्यात मोठी कामे आली. बियाणे आणि लोखंडी सळई यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यातून समृद्धी महामार्ग गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. अशा कामावर चाचण्यांची शिस्त असते, यंत्रे असतात, माणसे असतात. माझी काळजी गावच्या रस्त्याची आहे. तिथे मुरूम जवळच्या टेकडीवरून येतो, अर्धा ट्रक कडक आणि अर्धा मऊ. मऊ मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला बेसाल्ट. रोलरखाली त्याचे पीठ होते आणि ते पीठ पुन्हा मातीच. म्हणून उपपायासाठी लिक्विड लिमिट २५ आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स ६ यांच्या वर जाऊ देत नाहीत. चाचणी दबाईआधीच्या मुरमावर घेतली आणि दबाईनंतर पाहिलेच नाही, तर ही मर्यादा कागदावरच राहते. गावच्या रस्त्याचा नाश बहुधा मधून होत नाही, तो साईडपट्टीपासून सुरू होतो. पट्टी काळ्या मातीची असते, नाली बुजलेली असते, पाणी कडेने आत शिरते, कड फुगते आणि उन्हाळ्यात आकसून डांबराला लांबच लांब भेग पाडते.

मोजमापाबद्दल थोडे. जागेवरची घनता रेती भरून काढतात: ठरावीक खड्डा करायचा, निघालेली माती तोलायची, खड्डा मोजलेल्या रेतीने भरून त्याचे आकारमान काढायचे. खडे असलेल्या मुरमात कोअर कटर जात नाही, तिथे हीच पद्धत. खड्डा कुठे घेतला, याला खड्ड्याइतकेच महत्त्व आहे. रस्त्याच्या मधोमध घेतलेले सगळे नमुने उत्तम येतील. कडेला आणि मोरीजवळ घ्यावेत. अहवालात १०३ टक्के घनता दिसली की खूश होण्याआधी खाणीतला मुरूम बदलला का, हे विचारावे. बहुधा प्रयोगशाळेतला नमुना एका टेकडीचा असतो आणि रस्त्यावरचा दुसऱ्या. आणि ओलाव्याचा आकडा नसलेला घनतेचा अहवाल अपुरा समजून परत पाठवावा.

ग्रामपंचायत सदस्यालाही एक चाचणी सहज करता येते. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन दोन मोजनळ्यांत टाकायची. एकीत पाणी शंभर मिलिलिटरपर्यंत, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीची पातळी वाचायची. रॉकेलमध्ये १० आणि पाण्यात १८ आली तर फुगवटा ८० टक्के. ५० च्या वर गेलेली माती रस्त्याच्या भरावात यायला नको. गावच्या शाळेत, विज्ञानाच्या तासाला हे करता येईल, आणि मुलांना आपल्या शेतातली माती अशी पाहायला फार आवडते.

चुना मिसळून काळी माती सुधारण्याचा मार्ग शेवटच्या भागात दिला आहे. चुन्यातले कॅल्शियम पापुद्र्यांना जवळ ओढते, चिकटपणा लगेच उतरतो आणि पुढचे काही आठवडे ताकद वाढत राहते. जालन्याच्या सळईच्या भट्ट्यांमधून निघणारी धातुमळी रस्त्यात वापरण्याचा विचारही पुढे येतो आहे. तिची चाचणी प्रत्येक भट्टीसाठी वेगळी करावी लागेल, एवढेच इथे म्हणतो.

पुस्तकाचे पहिले प्रकरण नमुना घेण्यापासून सुरू होते, कारण पुढचे सारे आकडे त्याच्यावर टेकलेले आहेत. वरची मुळ्यांची माती बाजूला काढा आणि प्रत्यक्ष जिथून माती उचलली जाणार आहे त्या खोलीपर्यंत खड्डा घ्या. प्रत्येक थराचा नमुना वेगळ्या पिशवीत, प्लॅस्टिकने तोंड बांधून, म्हणजे खाणीतली ओल तशीच राहील. पिशवीवर गाव, गट नंबर, खोली, तारीख लिहा. मोठे खडे फेकू नका, तेही तोलायचे आहेत. आणि नमुना जांभ्याचा असेल, बिदरहून आणा की रत्नागिरीहून, तर तो भट्टीजवळ नेण्याआधी दुसरे प्रकरण वाचा.